दादाच्या भरवशावर

खळ्यावर झोडणी चालली होती आणि भूमिका शाळेत जायला तयार नव्हती.

दिवाळीची सुट्टी नुकतीच संपलेली. पेंढ्यांवरचं दहिवर अजून सुकलं नव्हतं, हाताला गार लागत होतं. गिरजानं पदर खोचून भारा सोडला होता आणि एकेक पेंढी उचलून पाट्यावर आपटत होती. दर आपटीला दाणे उडत होते आणि दर आपटीला तिचा आवाजही चढत होता.

"जातेस का नाय? सगळी पोरं गेली ओढ्यापलीकडं."

"माझ्या पोटात दुखतंय."

"काल डोकं दुखत होतं, आज पोट. उद्या नखं दुखतील तुझी. ऊठ!"

भूमिका पेंढ्यांच्या आडोशाला बसून राहिली. अकरा वर्षांची पोर, सहावीतली, अंगानं काटकुळी. पलीकडं तिची मामी सुंदरा सुपानं भात वारवत होती. ती हसून म्हणाली, "राहू द्या ना वन्सं, एक दिवस. पेंढा रचायला तेवढाच हात."

"नको गो. आज राहिली की उद्या राहील. मी जिथं तिथं अंगठा उठवत आले, तिनं तरी सही करावी."

तेवढ्यात घरातून प्रज्वल आला. सुंदराचा मुलगा, नववीतला. ओठांवर नुकती मिसरूड, केस पाणी लावून चापून बसवलेले. त्यानं वाकून भूमिकेचं दप्तर उचललं आणि स्वतःच्या खांद्यावर अडकवलं.

"चल गो भूमे. मी हाय ना."

गिरजाचा राग तिथल्या तिथं विरघळला. "बघ! दादा कसा हाय तुझा. आणि तू रडं काढतेस."

भूमिकेनं दादाच्या खांद्यावरच्या दप्तराकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं आणि उठून त्याच्यामागून चालू लागली. गिरजानं पुढची पेंढी उचलली. पोरीची ती नजर तिला त्या वेळी वाचता आली नाही.

खैरपाडा हे मुरबाडकडून शहापूरला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, सागाच्या रानाला लागून वसलेलं गाव. गिरजा याच गावची लेक. तिची आई गेली तेव्हा धाकटा भाऊ देवजी रांगत होता. गिरजानं त्याला कडेवर घेऊन भांडी घासली, पाठीला बांधून भाताची आवणी केली. त्याचं लग्न तिनं जुळवलं. सुंदरा तिच्याच सासरच्या सापगावातली पोर, तिनंच पसंत केलेली. गिरजाला स्वतःला मूल व्हायला फार वर्षं गेली. भूमिका झाली आणि ती पाच-सहा वर्षांची असताना नवरा कसाऱ्याला रस्त्याच्या कामावर होता, तिथं कावीळ होऊन गेला. सासरी कुणी विचारीना, तेव्हा देवजी स्वतः बैलगाडी घेऊन आला होता.

"बाय, चल घरी. तुझी पोर ती माझी पोर," असं तो चारचौघांत बोलला होता.

त्या शब्दावर गिरजा माहेरी आली. घराच्या बाजूची पडवी तिला मिळाली. मधे नुसती कुडाची भिंत, शेणानं सारवलेली, तिला एक लहान दार. पुढं देवजी म्हणाला, सातबाऱ्यावर तुझं नाव राहिलं तर कामं अडतात. तिनं तलाठ्यासमोर अंगठा देऊन आपला हक्कही सोडला. भावाचं घर म्हणजे आपलंच, असा तिचा हिशेब. देवजीच्या शेतात ती गड्यासारखी राबायची आणि कुणी विचारलं तर सांगायची, "माझं काय, मी सुखात हाय."

जूनपासून भूमिका बाजारगावातल्या मोठ्या शाळेत जाऊ लागली. वाट ओढ्यातून, मग रानातून, मग गवताच्या वखारीवरून. एकट्या पोरीला कशी धाडायची म्हणून गिरजानं प्रज्वलला जवळ बसवून सांगितलं होतं, "हिला तुझ्या भरवशावर सोडते बाबा." प्रज्वल म्हणाला होता, "आते, तू काळजीच सोड."

तिनं सोडली.

श्रावणात भूमिकेची एक चप्पल ओढ्यात वाहून गेली. गणपतीत कोपर फुटलं. नवरात्रात मराठीचं पुस्तक भिजून लगदा होऊन आलं. दर वेळी विचारलं की एकच, "पडले." सुंदरा म्हणायची, "वाढत्या वयात पाय अडखळतातच पोरींचे." गिरजाही मग पोरीलाच बोलायची, "बघून चालत जा गो जरा!"

झोडणी उरकत आली त्या दिवसांतली गोष्ट. संध्याकाळ झाली, गुरं परतली, तरी भूमिका आली नाही. प्रज्वल येऊन ओट्यावर चहा पीत बसलेला.

"भूमी कुठंय रे?"

"ती पोरींबरोबर पुढं आली ना आते. आली नाय का?"

गिरजा तशीच धावत सुटली. ओढा ओलांडला, रानातून हाका मारत गेली. अंधारून येत होतं. वखारीपाशी पोचली तर वखारीचं मोठं दार अर्धवट उघडलेलं, आणि दाराशी बुधू उभा. वाडीवरचा कातकऱ्याचा पोर, सातवीत होता, शाळेतून सुटला की सरपण वेचायचा. त्याच्या हातात दाराच्या कडीतून काढलेलं लाकूड होतं. आणि आत, गवताच्या गाठींच्या सांदीत, दोन्ही हात डोक्यावर घेऊन भूमिका बसलेली. अंगभर कुसळं, आवाज बसलेला, परकर ओला.

"बाय, मी नाय, मी तर..." बुधू बोलू लागला.

गिरजानं पुढचं ऐकलंच नाही. त्याच्या कानफटात अशी दिली की तो पोर सरपणाच्या मोळीवर जाऊन पडला. मागून धापा टाकत प्रज्वल आला. "ह्यानंच कोंडलं असंल आते! रोज मागं लागतो तिच्या. मी दोनदा दम दिलाय त्याला."

गिरजानं पोरीला छातीशी धरलं. "ह्यानंच ना गो? बोल. ह्यानंच ना?"

भूमिकेनं आईच्या खांद्यावरून पाहिलं. तिथं दादा उभा होता. तिनं हो म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी गिरजा शाळेत गेली. सरांनी बुधूला वर्गाबाहेर उभं केलं, सगळ्यांसमोर. तिथून ती वाडीवर गेली. बुधूची आई भागीरथी चूल पेटवत होती. गिरजानं तोंडाला येईल ते ऐकवलं. भागीरथी सगळं ऐकून घेत राहिली आणि शेवटी एवढंच बोलली, "आमचंच पोर गावतं सगळ्यांना." बुधू शाळेत यायचा बंद झाला. थोड्याच दिवसांत वाडीवरची निम्मी घरं वीटभट्ट्यांच्या कामाला निघून गेली, त्यात भागीरथीचंही गेलं.

गिरजाला वाटलं, सुटलो. पीडा टळली.

पण भूमिका झोपेत दचकायची. एवढी मोठी पोर, अंथरूण ओलं करू लागली. एका रविवारी गिरजानं पाणी तापवलं, पोरीला अंगणातल्या दगडावर बसवलं आणि शिकेकाईनं तिचं डोकं धुवायला घेतलं. कानामागं बोटं गेली आणि थांबली. तिथं केसच नव्हते. कातडी लाल, बारीक खपल्या धरलेली. मुळापासून उपटल्यासारखी जागा.

"हे काय गो?"

भूमिकेनं ओले केस ओढून ती जागा झाकली.

"बुधू तर गेला. मग हे कुणी केलं?"

गिरजानं तांब्या खाली ठेवला, तिच्यासमोर उकिडवी बसली. या वेळी तिनं आवाज चढवला नाही. वाट बघत राहिली. मग भूमिका पाण्याकडं बघत बोलू लागली.

"दादा. आणि त्याचे दोघं दोस्त. वळणापर्यंत दादा दप्तर घेतो, तू बघतेस म्हणून. मग तिघांची दप्तरं माझ्याकडं. ओढ्यात थांबलं की केस धरतात. पाण्यात बस बोलतात, इथंपर्यंत," तिनं गळ्याला हात लावला. "चप्पल त्यांनीच फेकली."

"आणि वखारीत?"

"त्यांनीच कोंडलं. बाहेर हसत होते. मग गेले. मी लय ओरडले. बुधू सरपणाला आला होता, त्यानं ऐकलं, त्यानं दार उघडलं."

"मग तू मान का हलवलीस गो? त्या पोराचं नाव का घेतलंस?"

"तूच घेतलंस. मी नुसती मान हलवली. दादा बघत होता."

"मला सांगायचं नाय का, बाय?"

"दादा बोलला, सांगितलंस तर माझा बाप तुमाला हाकलून देईल. बोलला, तुमी दोघी आमच्या वळचणीला पडलाय. आयतं गिळायला दोन तोंडं."

साबणाचं पाणी पोरीच्या डोळ्यांत उतरत होतं तरी गिरजा तशीच बसून राहिली. वळचणीला पडलाय. आयतं गिळायला दोन तोंडं. पंधरा वर्षांच्या पोराला हे कुठून सुचणार? असं बोलणं पोरं रानात शिकत नाहीत. हे कुडापलीकडच्या चुलीपाशी बोललं गेलं होतं, जेवताना, परत परत, पोराला पाठ होईपर्यंत. ज्याला तिनं पाठीशी बांधून वाढवलं, ज्याच्यासाठी तलाठ्यापुढं अंगठा दिला, त्याच्याच तोंडचं होतं ते.

तिनं आधी सुंदराला गाठलं. दुपारी सुंदरा परसात वालाच्या शेंगा सोलत होती. गिरजानं सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, सुंदरा दचकेल, कपाळावर हात मारेल, निदान "खोटं हाय" म्हणून भांडेल. सुंदराचे हात फक्त हळू झाले.

"तुला ठाऊक होतं," गिरजा म्हणाली.

"गणपतीपासून."

"आणि गप्प राहिलीस? मी माझ्या हातानं सापगावातून आणली तुला, सुंदरे!"

सुंदरानं पदराआडून हात काढला. दंडावर निळा वळ होता. "हे ह्यांनी केलेलं नाय वन्सं. प्रज्वलनं. जेवायला उशीर झाला म्हणून ढकललंन मला, भिंतीवर. बाप मारतो तसंच, तेच शब्द बोलून." ती शेंगांकडंच बघत होती. "तो तुमच्या भूमीच्या मागं लागला तेव्हापासून घरात जरा निवला होता. मी... मी गप राहिले. देवाशपथ मला झोप लागत नव्हती."

"माझ्या पोरीला पुढं घातलंस तू. स्वतः वाचायला."

सुंदरा रडायला लागली. गिरजाला तिची कीव आली आणि त्या किवेचाही राग आला. ती उठून गेली.

शाळेतले सर म्हणाले, "बाई, हे तुमच्या घरातलं. गावातच मिटवा." आणि गावात तेव्हा मिटवायची मोठी घाई चालली होती. त्या साली सरकारनं तंटामुक्त गावाची मोहीम काढलेली. गावोगाव समित्या झाल्या होत्या. खैरपाड्याच्या समितीचा अध्यक्ष म्हातारा रामूअण्णा होता, पण सगळी पळापळ देवजीच करायचा. बांधाची भांडणं, कोंबड्यांची भांडणं, सगळी देवळात बसवून मिटवली होती. तालुक्याहून माणसं बघायला येणार होती.

गिरजा मारुतीच्या देवळात जाऊन उभी राहिली. बायांपैकी कुणी नव्हतं. तिनं पदर डोक्यावर घेऊन जे होतं ते सांगितलं. चप्पल, ओढा, केस, वखार. तिनं काही गाळलं नाही.

रामूअण्णानं खाकरून घसा साफ केला. "गिरजे, पोरांचं भांडण हे. लहानपणी आमीबी लय मारामाऱ्या केल्या. ह्यो काय तंटा नाय."

"पोरगी पाण्यात बुडाली असती तर झाला असता का तंटा, अण्णा?"

मग देवजी उठला. तो बहिणीकडं बघत नव्हता, जमलेल्या माणसांकडं बघत होता.

"माझी बहीण हाय, मी काय बोलणार? घरात ठेवलं, खायला घातलं. पण एक इचारतो. मागच्या महिन्यात हिनं वाडीवरच्या पोराला मारलं. शाळेत जाऊन सांगितलं, बुधूनंच कोंडलं. हिची पोर बोलली होती तसं. आता बोलते, बुधू नव्हता, प्रज्वल होता. उद्या कुणाचं नाव घेईल? ज्या पोरीला खोटं बोलायची सवय, तिच्या बोलण्यावर मी माझ्या पोराला फासावर देऊ?"

मागं कुणीतरी हसलं.

भाऊ खोटं बोलत होता, पण त्यानं वापरलेली गोष्ट खरी होती. ती गोष्ट तिनंच त्याच्या हाती दिली होती. बुधूच्या कानफटात बसलेली तिची थप्पड आज फिरून तिच्याच पोरीच्या तोंडावर बसली.

"मिटलं म्हणायचं का मग, गिरजे?" रामूअण्णा मऊ आवाजात म्हणाला.

"मी नाय म्हणणार."

"बरं. समितीनं मिटवलं," तो म्हणाला, आणि पुढचा विषय निघाला.

त्या संध्याकाळी गिरजा भाकऱ्या थापत होती. कुडापलीकडं देवजीचा आवाज चढला. "देवळात मान खाली घालायला लावलीस मला! आयतखाऊ साला!" मग बैल हाकायच्या पराणीचा सटका आणि प्रज्वलचा आवाज, आधी उद्धट, मग नुसता कण्हणारा.

हा आवाज तिला नवा नव्हता. इतकी वर्षं ती ऐकत आली होती. अशा वेळी ती चुलीतलं लाकूड पुढं सारायची आणि मनाशी म्हणायची, बापाचा हात हाय, पोर वळणावर येईल. आज तर तिला वाटलं, बरं झालं. बसू दे. कळू दे.

तिनं मान वर केली. भूमिका कुडाला पाठ लावून बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. दर सटक्याला पोरीची हनुवटी किंचित हलत होती. ओठ पुटपुटत होते. गिरजानं कान दिला.

"अजून. अजून एक. अजून."

पोरीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिथं एक चमक होती, आणि तसली चमक गिरजानं आधी दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांत पाहिली होती. ओट्यावर चहा पीत, "आली नाय का?" असं विचारणाऱ्या पोराच्या.

तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती उठली. मधलं दार ढकललं. कणगीच्या कोपऱ्यात प्रज्वल दोन्ही हात डोक्यावर घेऊन अंगाची मुटकुळी करून बसला होता. सुंदरा चुलीपाशी दगडासारखी. देवजीचा हात वर गेला तसा गिरजानं पराणी मधेच धरली.

"सोड बाय."

"नाय सोडत."

"तुझ्याच पोरीसाठी मारतोय ना ह्याला!"

"माझ्या पोरीसाठी? देवळात तर माझी पोर खोटारडी होती. मग हा कशाचा मार?"

देवजी पराणी ओढत राहिला.

"तू ह्याला मारतोस, हा आयला मारतो, माझ्या पोरीला मारतो. आता माझी पोर पलीकडं बसून शिकायला लागलीय. ती कुणाला मारील, तेबी ठरवून टाक."

"माझ्या घरात येऊन मला शिकवू नको!"

"घर बापाचं होतं. मी तुला सोडलं, देवज्या. कधी काय मागितलं नाय. हात खाली घे, एवढंच मागते."

त्यानं हिसका दिला. पराणी तिच्या मुठीतून सरकली आणि तळव्याची साल निघाली. रक्त बघून तो थबकला. तेवढ्यात चुलीपासून बारीक आवाज आला, "ठेवा ते खाली." सुंदराचा. लग्नाच्या इतक्या वर्षांत नवऱ्यापुढं तिचा एवढाही आवाज कुणी ऐकला नव्हता. देवजीनं पराणी फेकली आणि तो बाहेर निघून गेला.

प्रज्वलनं डोक्यावरचे हात काढले. गिरजा त्याच्यासमोर वाकली. हा तान्हा असताना ती माहेरी यायची तेव्हा याला तिनं न्हाऊ घातलं होतं, मांडीवर निजवलं होतं. आता त्याच्या अंगाला हात लावायला तिचं मन घेईना.

"मी तुला मारातून सोडवलं, माफ नाय केलं. मी तुझ्या भरवशावर माझं काळीज सोडलं होतं, आणि तू त्याचं काय केलंस ते तुला ठाव हाय. भूमीच्या वाटेला जायचं नाय. पुढं नाय, मागं नाय. आणि परत बाप मारायला उठला तर पळून पडवीत ये. कळलं?"

पोरानं मान हलवली. वर मात्र बघितलं नाही.

ती परत आली तेव्हा भाकरीचा कोळसा झाला होता. भूमिका उभी होती, हाताच्या मुठी वळलेल्या. "त्याला कशाला सोडवलंस? तू माझी आय हायस का त्याची?"

"तू अजून अजून करत होतीस म्हणून," गिरजा हातावर पाणी घेत म्हणाली.

पोरीला ते कळलं की नाही, देव जाणे. कितीतरी दिवस ती आईशी धड बोलली नाही. तिच्या लेखी दादानं दगा दिलाच होता, आता आईनंही दिला. गिरजानं समजावत बसायचं टाळलं. ती रोज पहाटे उठायची, भाकरी बांधायची आणि पोरीच्या शेजारून चालत शाळेपर्यंत जायची. ओढ्यात पोरीचा हात धरायची. भूमिका हात आखडून घ्यायची, गिरजा पुन्हा पुढं करायची. देवजीनं मधलं दार खिळे ठोकून बंद केलं आणि शेतावर बोलवायचं सोडलं. गिरजा वखारीवर गवताच्या गाठी बांधायच्या कामाला जाऊ लागली. गावात लोक म्हणाले, पडवी सोडून जाईल आता. ती गेली नाही.

देवजीचा हात एकदम थांबला असंही झालं नाही. पण कुडापलीकडं आवाज चढला की गिरजा भिंतीवर थाप मारायची, "देवज्या, मी ऐकतेय!" आणि आवाज उतरायचा. कधी सुंदराच आतून थाप मारायची, तशी गिरजा अंगणातून जाऊन पुढच्या दारात उभी राहायची. परीक्षा झाल्यावर प्रज्वलला आसनगावला मामाकडं शिकायला धाडलं. जाताना तो पडवीपुढं थोडा वेळ घुटमळला. भूमिकेनं त्याला बघून आत तोंड फिरवलं. मग तो गेला.

उन्हाळ्यात गावाच्या वेशीवर रंगवलेला फलक लागला, तंटामुक्त गाव म्हणून. सत्काराला देवजीच्या गळ्यात हार पडला. गिरजा गवताचा भारा डोक्यावर घेऊन फलकाखालून गेली.

पाऊस तोंडावर आला तशी वीटभट्टीवरची माणसं वाडीवर परतली. गिरजानं शाळेत जाऊन सरांना खरं काय ते सांगितलं, बुधूला परत बसवून घ्या म्हणाली. सरांनी नजर चुकवत होकार दिला. मग ती वाडीवर निघाली. भूमिकाही न सांगता मागून आली.

भागीरथी दारात लाकडं फोडत होती. तिनं बसा म्हटलं नाही.

"चुकलं माझं," गिरजा म्हणाली.

"तुमचं बोलून झालं. त्याचं वरीस गेलं, त्याचं काय?" भागीरथीनं कुऱ्हाड खाली ठेवली नाही. "हात बघा त्याचं. विटा उचलून सोललेत."

बुधू झोपडीच्या कडेला मासे धरायचं फाटकं जाळं शिवत बसला होता. पहिल्यापेक्षा उंच झाला होता, काळवंडला होता. भूमिका त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू दार उघडलंस," ती मोठ्यानं म्हणाली, वाडीवरच्या माणसांना ऐकू जाईल अशी. "तू नव्हतं कोंडलंस. मी खोटी मान हलवली."

"मला ठाव हाय ते," बुधू म्हणाला. हातातलं काम त्यानं थांबवलं नाही.

"मग तू त्या दिवशी का बोलला नाहीस रे?" गिरजानं विचारलं. "सरांसमोर तरी बोलायचंस."

बुधूनं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघितलं. "मला कुणी इचारलं?"

भागीरथी बघत होती, भूमिका बघत होती. वर आभाळ भरून आलं होतं, घरी सरपण झाकायचं राहिलं होतं. पण गिरजा निघाली नाही. ती तिथंच मातीत, पोराच्या समोर, मांडी घालून बसली.

"आता इचारते बाबा. सांग. काय झालं होतं?"

बुधूनं जाळ्याचा दोरा दातानं तोडला. आईकडं एकदा पाहिलं. भागीरथीनं काही खूण केली नाही, फक्त कुऱ्हाड लाकडाला टेकवून ठेवली.

"शाळा सुटली होती," बुधू बोलू लागला. "मी सरपणाला गेलतो..."

गिरजा ऐकत राहिली.